ग्लुटाथायोन संपत आलं की यकृताची पेशी काय बनवायला लागते?

पेशीवाली

पॅरासिटॅमॉल जास्त झालं तर यकृताला इजा होते, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. पण कसं, असं विचारलं की उत्तर 'एक विषारी पदार्थ तयार होतो' इथेच थांबतं. मला त्याच्या पुढचं लिहायचं आहे. माझं रोजचं काम याच भागाशी आहे आणि मराठीत यावर सविस्तर काही वाचल्याचं आठवत नाही. थोडं रसायन येईल, धीर धरा.

ग्लुटाथायोन हे तीन अमिनो आम्लांचं पेप्टाइड: ग्लुटामेट, सिस्टीन आणि ग्लायसिन. एवढंसंच, पण यकृताच्या पेशीत ते ५ ते १० मिलिमोलर भरतं. रक्तातली साखर उपाशीपोटी ५ मिलिमोलरच्या आसपास असते, यावरून अंदाज करा. पेशी एवढा साठा करते तो सिस्टीनवरच्या गंधकासाठी. हायड्रोजन पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन द्यायचे असोत किंवा एखाद्या आक्रमक रेणूला चिकटून त्याला निरुपद्रवी करायचं असो, काम हा गंधकच करतो.

ते बनतं दोन पायऱ्यांत, आणि दोन्हीकडे एटीपी (पेशीचं इंधन) खर्च होतो. पहिल्या पायरीवर ग्लुटामेट-सिस्टीन लायगेज नावाचं एन्झाइम (पुढे जीसीएल म्हणते) ग्लुटामेट आणि सिस्टीन जोडतं. दुसऱ्या पायरीवर ग्लुटाथायोन सिंथेटेज त्याला ग्लायसिन लावतं. पहिला जोड नेहमीच्या प्रथिनांसारखा नाही, ग्लुटामेटच्या बाजूच्या साखळीवरून, गॅमा कार्बनवरून जोडलेला आहे. त्यामुळे पेशीतले नेहमीचे पेप्टिडेज (पेप्टाइड तोडणारी एन्झाइमं) त्याला हात लावू शकत नाहीत.

आता नियंत्रण. तयार झालेलं ग्लुटाथायोन स्वतःच जीसीएलला रोखून धरतं. गच्चीवरच्या टाकीतल्या फ्लोटसारखं समजा: पातळी वर असेल तर पाणी बंद, खाली गेली की सुरू. बेत उत्तम आहे, फक्त खालून पाणी येत असलं पाहिजे. यकृतात ते पाणी म्हणजे सिस्टीन.

पॅरासिटॅमॉलचा बराचसा भाग ग्लुक्युरोनाइड किंवा सल्फेट लावून लघवीवाटे निघून जातो. थोडा भाग, साधारण ५ ते १० टक्के, सीवायपी२ई१ वगैरे एन्झाइमांमुळे एनएपीक्यूआय नावाच्या आक्रमक रेणूत बदलतो. ग्लुटाथायोन त्याला धरतं आणि विषय संपतो. डोस फार मोठा झाला की सल्फेटचा मार्ग भरतो, एनएपीक्यूआय वाढतो आणि ग्लुटाथायोन झपाट्याने उतरतं. ते नेहमीच्या सुमारे ३० टक्क्यांखाली गेलं की एनएपीक्यूआय प्रथिनांना, मुख्यतः मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनांना चिकटायला लागतो. हे काम १९७३ सालचं, अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेत मिचेल आणि सहकाऱ्यांनी केलेलं.

आणि आता मला ज्यासाठी हा धागा काढावासा वाटला ते. पातळी उतरली, जीसीएलवरचा लगाम सुटला, एन्झाइम जोरात फिरायला लागलं. पण सिस्टीन नाही! मग ते जवळपास जे मिळेल ते उचलतं. २-अमिनोब्युटिरेट नावाचं एक अमिनो आम्ल आकाराने सिस्टीनसारखंच असतं. गंधकाच्या जागी फक्त मिथाइल गट. ग्लुटामेटला ते जोडलं जातं, पुढचं एन्झाइम ग्लायसिन लावतं आणि ऑफ्थॅल्मिक आम्ल तयार होतं. हुबेहूब ग्लुटाथायोनसारखं पेप्टाइड, आणि गंधक नसल्यामुळे संरक्षणाच्या कामाला शून्य उपयोग.

हा रेणू पहिल्यांदा सापडला १९५० च्या दशकात, वासराच्या डोळ्याच्या भिंगात. पुढे २००६ मध्ये जपानच्या केओ विद्यापीठातल्या तोमोयोशी सोगा यांच्या गटाने पॅरासिटॅमॉल दिलेल्या उंदरांच्या यकृतातले शेकडो छोटे रेणू एकाच वेळी मोजले. ग्लुटाथायोन खाली जाताना यकृतात आणि रक्तात ऑफ्थॅल्मिक आम्ल वर चढलेलं त्यांना दिसलं. म्हणजे पेशीच्या आत कशाची टंचाई आहे याची खूण बाहेर रक्तात येते. मला हे विलक्षण वाटतं.

रसायनवाला

ताई, सुरेख लिहिलंय. दोन शंका. एक, सिस्टीन नसताना २-अमिनोब्युटिरेट मात्र कुठून येतं? दोन, जीसीएल एवढं महत्त्वाचं एन्झाइम, मग ते निवडीत इतकं सैल का?

पेशीवाली

@रसायनवाला, पहिल्या शंकेचं उत्तर मला या सगळ्यातलं सर्वांत आवडतं. यकृत सिस्टीन फक्त जेवणातून घेत नाही, मेथिओनिनपासून बनवतंही. मेथिओनिन, त्यापासून एसएएम नावाचा रेणू, मग होमोसिस्टीन, मग सेरीन लागून सिस्टाथायोनिन. हे सिस्टाथायोनिन तुटलं की दोन तुकडे पडतात: एक सिस्टीन आणि दुसरा २-ऑक्सोब्युटिरेट. या दुसऱ्या तुकड्याला अमिनो गट लागला की झालं २-अमिनोब्युटिरेट. सिस्टीनसाठी हा मार्ग जितका जोरात चालेल तितका दुसरा तुकडाही पडणारच. सिस्टीन तयार होताक्षणी खर्च होतं, हा मागे उरतो.

दुसऱ्या शंकेबद्दल. सैल म्हणावं इतकं ते सैल नाही. सिस्टीन पुरेसं असताना ते सिस्टीनच पसंत करतं, म्हणून निरोगी यकृतात ऑफ्थॅल्मिक आम्ल अगदी किरकोळ असतं. निवड बिघडते ती दोघांचं प्रमाण उलटल्यावर. बीएसओ नावाच्या औषधाने जीसीएलच बंद केलं तर दोन्ही पेप्टाइडं थांबतात. याउलट डायइथाइल मॅलिएटने फक्त ग्लुटाथायोन अडकवून ठेवलं, तर एन्झाइम मोकळं सुटतं आणि ऑफ्थॅल्मिक आम्ल वाढतं. पॅरासिटॅमॉल हे निमित्त आहे, कारण टंचाई हेच, असा याचा अर्थ मी घेते.

मोजताना हे कसं दिसतं तेही सांगते. मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर, एक प्रोटॉन लागलेलं ग्लुटाथायोन ३०८ ला येतं, ऑफ्थॅल्मिक आम्ल २९० ला. मोजणं सोपं आहे. नमुना सांभाळणं अवघड. यकृताचा तुकडा काढल्याक्षणी द्रव नायट्रोजनमध्ये थंड केलेल्या धातूच्या चिमट्यात दाबून गोठवावा लागतो. तो नंतर टेबलावर जरा जरी वितळू दिला तर ग्लुटाथायोनचे दोन-दोन रेणू गंधकाने जोडले जातात आणि 'ऑक्सिडेटिव्ह ताण' दिसायला लागतो, जो प्राण्यात नव्हताच, आपल्या टेबलावर झाला. म्हणून द्रावणातच एन-इथाइलमॅलिमाइड घालतात. ते गंधकाला टोपी घालतं, ग्लुटाथायोन मग ४३३ ला दिसतं. ऑफ्थॅल्मिक आम्लाला गंधकच नाही, त्यामुळे ते २९० ला स्वस्थ बसून राहतं. नवीन विद्यार्थ्यांना मी हे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवते. गंधक असणं आणि नसणं यातला फरक पाठ करावा लागत नाही मग.

तालुक्याचा डॉक्टर

पेशीवाली ताई, तुमच्या टेबलापासून आमची कॅज्युअल्टी लांब आहे, तरी धागा तोच आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे मुद्दाम घेतलेल्या मोठ्या डोसपेक्षा दुसराच प्रकार जास्त काळजीचा वाटतो. पावसाळ्यात ताप येतो, डेंग्यू असो नाहीतर दुसरं काही. माणूस दोन-तीन दिवस जेवत नाही. तापाची गोळी चालू असते, अंगदुखीची वेगळी चालू असते, सर्दीची आणखी एक. तिन्हींत पॅरासिटॅमॉल आहे हे पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात असतं. धडधाकट प्रौढासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४ ग्रॅम; उपाशी, कमी वजनाच्या किंवा रोज दारू घेणाऱ्या माणसाला आम्ही त्याहून कमीच सांगतो. डेंग्यूत यकृताला आधीच त्रास असतो. म्हणून ताप आलेल्याच्या घरच्यांना माझं सांगणं असतं: घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून घेऊन या, नावं तोंडी सांगू नका.

उपासाचा संबंध ताईंच्या लिखाणातून नीट कळतो. जेवण नाही म्हणजे मेथिओनिन आणि सिस्टीन नाही, म्हणजे साठा आधीच खाली. दारूचं दुहेरी आहे. रोजच्या दारूने सीवायपी२ई१ वाढतं आणि ग्लुटाथायोन घटतं, म्हणजे विष जास्त बनतं आणि ते धरायला माणूस कमी.

मोठा डोस गेला असेल तर एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. पहिल्या दिवशी मळमळ, उलटी. दुसऱ्या दिवशी बरं वाटतं. नातेवाईक म्हणतात, आता ठीक आहे, घरी नेतो. यकृताची खरी इजा तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर येते. बरं वाटतंय म्हणून थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. एन-असिटिलसिस्टीन, म्हणजे एनएसी, पहिल्या ८ तासांत सुरू झालं तर यकृत जवळजवळ हमखास वाचतं. उशीर झाला तरी देतातच, पण ती खात्री राहत नाही. शिरेतून देण्याची जुनी पद्धत: किलोमागे १५० मिलिग्रॅम पहिल्या तासात (मूळ पद्धतीत १५ मिनिटांत), ५० पुढच्या ४ तासांत, १०० त्यापुढच्या १६ तासांत. एडिंबरामध्ये प्रेस्कॉट आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात हे रूढ केलं. कुपी फोडली की सडक्या अंड्यासारखा वास येतो, नातेवाईक औषध खराब झालंय का म्हणून विचारतात. तो गंधकाचा वास आहे. पहिल्या बाटलीच्या वेळी काहींना अंग लाल होणं, खाज, क्वचित धाप लागते. तेव्हा ड्रिप थांबवून, औषध देऊन पुन्हा हळू चालू करतात. ती बंद करून सोडून देऊ नये.

नदीकाठची

मला यातलं निम्मं कळलं, पण शेवटपर्यंत वाचलं. दोन प्रश्न विचारते, साधे वाटले तर सांभाळून घ्या.

ग्लुटाथायोन इतकं उपयोगी असेल तर तेच थेट का देत नाहीत, एनएसी कशाला? माझी भाची लग्नाआधी गोरं होण्यासाठी ग्लुटाथायोनचं ड्रिप घेणार म्हणते, 'लिव्हरलाही चांगलं' असं तिला सांगितलंय. आणि यजमानांच्या रिपोर्टमध्ये जीजीटी वाढलेलं आहे. त्याचा या ग्लुटामिल प्रकाराशी काही संबंध आहे का?

पेशीवाली

@नदीकाठची, तुमचे दोन्ही प्रश्न एकाच एन्झाइमपाशी येतात, म्हणून एकत्र उत्तर देते.

वर मी म्हटलं की तो गॅमा जोड नेहमीच्या पेप्टिडेजना तुटत नाही. तो तोडू शकणारं खास एन्झाइम म्हणजे गॅमा-ग्लुटामिल ट्रान्सफरेज, तेच तुमच्या रिपोर्टमधलं जीजीटी. ते पेशीच्या आत नसतं, बाहेरच्या पृष्ठभागावर असतं, तोंड बाहेर करून. मूत्रपिंडात भरपूर, पित्तनलिकांच्या पेशींवरही. यकृताची पेशी ग्लुटाथायोन बनवून रक्तात आणि पित्तात सोडते. बाहेर जीजीटी आणि त्याच्या जोडीचं पेप्टिडेज त्याचे तुकडे करतात आणि सिस्टीन पुन्हा पेशींना मिळतं.

म्हणून ग्लुटाथायोन शिरेतून दिलं तरी काही मिनिटांत रक्तातून नाहीसं होतं, आणि यकृताची पेशी ते अख्खं आत घेत नाही. यकृत हे पुरवठादार आहे, गिऱ्हाईक नाही. तोंडाने घेतलेल्याचं बरंचसं आतड्यातच तुटतं. एनएसीचं तसं नाही. सिस्टीन नुसतं बाटलीत ठेवलं तर लगेच त्याच्या जोड्या होतात. असिटिल गट लावल्यामुळे ते टिकतं, पेशीत शिरतं, आत तो गट निघतो आणि नेमकी ज्याची टंचाई आहे ती वस्तू हातात येते. पेशीची यंत्रणा शाबूत आहे, कच्चा माल हवाय, तोच दिला.

भाचीला मनापासून सांगा, घेऊ नकोस. अमेरिकेच्या एफडीएने त्वचा उजळवण्यासाठी एकही इंजेक्शन मंजूर केलेलं नाही. अंगावर पुरळ येण्यापासून शिरेतल्या संसर्गापर्यंतचे धोके आहेत, आणि यकृताला फायदा व्हायचा मार्ग मी वर सांगितला तसा बंदच आहे. तिच्या रंगात काही कमी नाही, हे तिला घरातल्या कुणी तरी म्हणायला हवं.

यजमानांचं जीजीटी एकटं वाढलं म्हणून निदान होत नाही. दारू, चरबीयुक्त यकृत, पित्ताचा अडथळा, फिटची काही औषधं, कशानेही वाढतं. अल्कलाइन फॉस्फेटेज, एएलटी (यकृताची इजा दाखवणारं एन्झाइम) आणि सोनोग्राफी सोबत ठेवून डॉक्टरांना दाखवा.

तालुक्याचा डॉक्टर

ताई, एक गोष्ट तुमच्या मांडणीत नेमकी बसते, ती टाकतो. कुपोषित, बऱ्याचदा वयस्कर बाई, अंगात संसर्ग, कित्येक आठवडे रोज पॅरासिटॅमॉल, तेही मर्यादेतच. श्वास जोरात चालतो, रक्त आम्लयुक्त, अॅनायन गॅप (रक्तातल्या मोजलेल्या धन आणि ऋण आयनांतला फरक) मोठा. लॅक्टेट, कीटोन, युरिया, काहीच जुळत नाही. कारण असतं ५-ऑक्सोप्रोलिन, म्हणजे पायरोग्लुटामिक आम्ल. एएलटी नॉर्मलसुद्धा असू शकतं, त्यामुळे यकृताचा विचार कुणाच्या मनात येत नाही. पॅरासिटॅमॉल बंद केलं, एनएसी दिलं की आम्ल उतरतं. तुमच्या फ्लोटमधून हे कसं येतं ते सांगाल का?

पेशीवाली

@डॉक्टर, हा मुद्दा आणलात म्हणून आभार, मी तो लिहायचा की नाही या विचारात होते.

ग्लुटाथायोन कमी, लगाम सुटलेला, जीसीएल जोरात. तयार होणारे गॅमा-ग्लुटामिल तुकडे जेव्हा पुढच्या पायरीवर पूर्ण ग्लुटाथायोनपर्यंत जात नाहीत, तेव्हा गॅमा-ग्लुटामिल सायक्लोट्रान्सफरेज त्यांना पकडतं. ग्लुटामेटचा भाग वळून स्वतःशीच जोडला जातो, वर्तुळ होतं, तेच ५-ऑक्सोप्रोलिन. सिस्टीन पुन्हा सुटं होतं, पुन्हा जोडलं जातं, पुन्हा सुटं. प्रत्येक फेरीला एटीपी जळतो. ५-ऑक्सोप्रोलिन उलगडून परत ग्लुटामेट करणारं एन्झाइम आहे, त्यालाही एटीपी लागतो आणि त्याचा वेग मर्यादित. फ्लुक्लॉक्सासिलिन हे प्रतिजैविक त्या एन्झाइमला अडवतं, म्हणून दोन्ही औषधं एकत्र असली की हा त्रास जास्त दिसतो.

म्हणजे लगाम सुटणं एकच, पण जवळ काय शिल्लक आहे त्यावर बाहेर काय पडेल ते ठरतं. २-अमिनोब्युटिरेट असेल तर ऑफ्थॅल्मिक आम्ल. फेरीच अडकली तर ५-ऑक्सोप्रोलिन. आणि पेशीत दुसरी अमिनो आम्लं मुबलक असतील तर ग्लुटामिल-अॅलानिन, ग्लुटामिल-व्हॅलिन असे जोड. २०११ मध्ये सोगांच्याच गटाने वेगवेगळ्या यकृतविकारांच्या रुग्णांचं सीरम तपासून दाखवलं की या गॅमा-ग्लुटामिल जोडांच्या प्रमाणांवरून एक विकार दुसऱ्यापासून ओळखता येऊ शकतो.

रसायनवाला

मग ऑफ्थॅल्मिक आम्लाची चाचणी रुग्णालयात का नाही? मला एक अडचण दिसते. रुग्ण खूप दिवस उपाशी असेल तर मेथिओनिनही संपलेलं, म्हणजे २-अमिनोब्युटिरेटही कमी. मग ग्लुटाथायोन तळाला आणि खूणही तळाला. ज्याला धोका सर्वांत जास्त, त्याचाच रिपोर्ट चांगला येणार.

पेशीवाली

@रसायनवाला, अगदी वर्मावर बोट ठेवलंत. गणिती प्रारूप करणाऱ्यांनीही हेच सांगितलं: मेथिओनिनच्या साठ्यावर अवलंबून ऑफ्थॅल्मिक आम्ल वर जाईल किंवा जाणार नाही, म्हणून ते एकट्याने वाचू नये, ५-ऑक्सोप्रोलिनसोबत वाचावं. शिवाय उंदराच्या यकृतात ग्लुटाथायोन फार लवकर कोसळतं, माणसात सगळं सावकाश. उंदरावरचं चित्र जसंच्या तसं खाटेवरच्या माणसावर टाकता येत नाही. म्हणून आजही निर्णय होतो तो रक्तातल्या पॅरासिटॅमॉलच्या पातळीवर, १९७५ च्या रुमॅक-मॅथ्यू आलेखावरून, आणि तो बरोबर आहे. त्या आलेखाला गोळ्या कधी घेतल्या ते माहीत असावं लागतं. डॉक्टरांनी सांगितलेल्या तापाच्या रुग्णात, जिथे तीन दिवस थोडं थोडं गेलंय, तिथे तो लागू होत नाही. नेमक्या त्याच रुग्णासाठी पेशीच्या आतलं दाखवणारी चाचणी हवी, आणि त्यासाठी हे काम व्हायला हवं असं मला ठामपणे वाटतं.

मायटोकॉन्ड्रियाबद्दलही सांगायचं राहिलं. पेशीतल्या ग्लुटाथायोनचा १० ते १५ टक्के भाग तिथे असतो, पण मायटोकॉन्ड्रियाला ते बनवता येत नाही, बाहेरून आणावं लागतं. आणणाऱ्या प्रथिनांपैकी एक, एसएलसी२५ए३९, २०२१ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या गटाने ओळखलं. पेशी मरते की वाचते हे या छोट्या साठ्यावर फार अवलंबून असतं.

पेशी हातावर हात ठेवून बसत नाही, हेही खरं. कीप१ नावाचं प्रथिन एरवी एनआरएफ२ ला धरून त्याचा नाश करवत असतं. कीप१ वरच्या सिस्टीनांना आक्रमक रेणू चिकटले की ही पकड सुटते, एनआरएफ२ केंद्रकात जातं आणि जीसीएलचे दोन्ही भाग जास्त बनू लागतात. मात्र याला तास लागतात. एनएपीक्यूआय तेवढा वेळ देईलच असं नाही.

निवृत्त मास्तर

सगळ्यांचं वाचतोय. माझ्या धाकट्या भावाला क्षयाची औषधं चालू झालीत. पूर्वी दारू घ्यायचा, आता सोडली आहे. डॉक्टरांनी यकृताकडे लक्ष ठेवायला सांगितलं. त्याच्यासाठी एनएसीच्या गोळ्या दुकानातून आणून देऊ का? आणि त्याच्या रक्तात फेरिटिन वाढलेलं निघालं, अॅनिमिया असताना लोह जास्त कसं?

पेशीवाली

मास्तर, औषधाचं डॉक्टर सांगतील, मी फेरिटिनचं तेवढं सांगते. सूज किंवा संसर्ग असला की फेरिटिन तसंही वाढतं, क्षयात तर नक्कीच. त्यामुळे शरीरात लोहाचा साठा जास्तच आहे असं त्यावरून ठरत नाही. पण दारूचा स्वतंत्र भाग आहे. यकृताची पेशी हेप्सिडिन नावाचं २५ अमिनो आम्लांचं पेप्टाइड बनवते, ते आतड्यातून लोह किती आत यावं हे रोखतं. दारूच्या ऑक्सिडेटिव्ह ताणाने हेप्सिडिनचं उत्पादन घटतं, लोह जास्त शोषलं जातं, आणि जादा लोह पेरॉक्साइडपासून आणखी आक्रमक रेणू बनवतं. भावाने दारू सोडली हे त्याच्या यकृतासाठी सर्वांत मोठं काम झालंय, त्याला माझा नमस्कार सांगा.

तालुक्याचा डॉक्टर

मास्तर, दुकानातून काही आणू नका. क्षयाच्या औषधांनी यकृताला झालेल्या इजेत एनएसी देऊन दक्षिण आफ्रिकेत चाचणी झाली. एएलटी उतरायला लागणारा वेळ त्याने कमी झाला नाही, रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला. तेही दाखल रुग्णांत, शिरेतून. आधीच गोळ्या घेऊन इजा टळते, असा अर्थ त्यातून निघत नाही.

तुम्ही करायचं ते एवढं. औषध सुरू होण्याआधीचा एएलटी आणि बिलिरुबिनचा कागद फाइलला लावा. भूक मेली, मळमळ, लघवी गडद पिवळी, डोळे पिवळे, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्रावर जा. लक्षणांसह एएलटी वरच्या मर्यादेच्या तिप्पट, किंवा लक्षणं नसताना पाचपट झालं तर डॉक्टर औषधं थांबवतात आणि उतरल्यावर एकेक करून पुन्हा चालू करतात. स्वतःहून बंद मात्र करू नका, क्षय उलटतो. ताप आला तर पॅरासिटॅमॉल द्यायला हरकत नाही, किती द्यायचं ते केंद्रावर विचारून घ्या. आणि रोज दोन वेळचं जेवण, त्यात अंडं किंवा डाळ-भाकरी-दूध, चुकू देऊ नका. पुढचा रिपोर्ट आला की इथेच आकडे टाका, मी बघतो.